बारा ते अठरा : ख्रिस्ती बापाचं घरातलं नेमकं काम काय?

अंजिराचं_झाड
शब्बाथ शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं आणणारं पोर आठवीत गेलं की रविवारी सकाळी त्याचं पोट दुखायला लागतं. उपासनेत शेवटचा बाक, कुटुंबप्रार्थनेत 'आमेन' एवढाच सहभाग. अशा वेळी बहुतेक घरांत आई मध्ये पडते आणि बाप दोनच कामं करतो: 'आवरा लवकर' म्हणून ओरडणं आणि प्रगतिपुस्तकावर सही.

हा धागा बापाच्या वाट्याच्या कामासाठी. वय साधारण १२ ते १८. प्रॉटेस्टंट, कॅथलिक, पेंटेकोस्टल, सगळ्यांनी लिहा, पण पद्धत लिहा. किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे फसतं आणि का. साक्षी आणि घरचे किस्से नकोत, त्यांच्यासाठी इथे धागे कमी नाहीत.

जुनाकरार
प्रेषित पौलाच्या पत्रातलं इफिसकरांस ६:४ आपण सोयीने वापरतो. त्याआधीची तीन वचनं (आईबापांच्या आज्ञेत राहा) मुलांकडून पाठ करून घेतो. चौथं बापांना आहे: मुलांना चिरडीस आणू नका. पौलाने हे लिहिलं त्या रोमी जगात कायद्यानेच बापाची घरावर जवळजवळ निरंकुश सत्ता होती. अशा बापाला 'पोर चिडणार नाही हे तू बघ' असं सांगणं तेव्हा लहान गोष्ट नव्हती. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये कारणही दिलंय: मुलं खचतात.

चिरडीस आणणं म्हणजे नुसतं रागावणं नव्हे. पाळकसाहेब घरी आले की सगळ्यांसमोर 'याला जरा समजवा' म्हणणं, आजच्या चुकीला मागच्या दहा चुका जोडणं, मंडळीतल्या कुणाच्या तरी मुलाचा दाखला देणं. उशिरा उठणं आणि खोटं बोलणं या दोन्हींना एकाच पट्टीत ओरडलं तर मोठी चूक कोणती हे पोराला कळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे वचन दंडुक्यासारखं फेकणं. भांडण चालू असताना पवित्र शास्त्र उघडू नये. ते वचन पुढे कुठेही वाचलं तरी त्याला त्यातून बापाचाच आवाज ऐकू येतो.

दुसऱ्या टोकाला दावीद राजा. त्याच्या मुलाने, अम्नोनने, सावत्र बहीण तामारवर अत्याचार केला तेव्हा दावीद संतापला, पण केलं काहीच नाही (२ शमुवेल १३). त्याचा सूड घेऊन पळालेला दुसरा मुलगा अबशालोम परत आल्यावर दोन वर्षं यरुशलेमेतच होता, तरी बापाने त्याला तोंड दाखवलं नाही (१४:२८). आणि तिसरा मुलगा अदोनीया, त्याला 'तू असं का केलंस?' हे कधी विचारलंच नाही (१ राजे १:६). राग, अबोला आणि दुर्लक्ष, तिन्ही एकाच बापात. अबोला हे आपल्याकडच्या बापांचं लाडकं हत्यार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मिरजवाला
कुटुंबप्रार्थना. आठ वर्षांच्या मुलासाठी बसवलेली घडी चौदाव्या वर्षी तशीच चालवतात, तिथेच फसतं.

वेळ १२ ते १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रात्री जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधी. एकदा सगळे उठले की पुन्हा गोळा करण्यातच भांडण होतं. क्रम असा: 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातल्या गीताचं एक कडवं, १० ते १२ वचनं, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. गप्प राहायचं असेल त्याने 'पुढे' म्हणावं, त्यावर शेरा नको.

पुस्तक मार्क घ्या. १६ अध्याय, ६७८ वचनं. रोज १२ घेतली तर ५७ बैठका, म्हणजे साधारण साडेअकरा आठवडे. मग याकोब: १०८ वचनं, नऊ बैठका. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, ते महिन्याच्या तारखेप्रमाणे मुलाने एकट्याने वाचावेत. प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका, दोन दिवसांत गाडी यूट्यूबवरच्या जगबुडीच्या व्हिडिओंवर जाते.

'यातून काय शिकलास?' हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर पोरांकडे बालवर्गापासून तयार असतं. 'यात तुला काय खटकलं?' असं विचारा. लूक १५ (उधळ्या पुत्राची गोष्ट) वाचलंत तर 'थोरला भाऊ शेवटी आत गेला का?' विचारा. गोष्टीत ते सांगितलेलंच नाही, त्यामुळे बापालाही आयतं उत्तर देता येत नाही. आणि पोराचं उत्तर चुकीचं वाटलं तरी त्याच बैठकीत दुरुस्त करू नका.

आणखी एक. मुलासमोर मुलाची देवाकडे तक्रार नको. 'प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे' ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून मारलेला टोमणा आहे.

खारवट
वाखूसा (वाचनखूण साठवली). पण रात्रपाळीच्या बापाने काय करायचं? ताटं उचलायच्या वेळी तो कंपनीच्या बसमध्ये असतो.

मिरजवाला
@खारवट, अनुवाद ६:७ बघा. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. चार वेळा सांगितल्यात, त्यांत सतरंजी कुठे नाही. रोजचं वाचन आईने किंवा थोरल्या मुलीने चालवावं. बापाने आठवड्यात दोन ठरलेल्या वेळा घ्याव्यात: क्लासला सोडताना गाडीवर, किंवा सुट्टीच्या दिवशी मटण आणायला जाताना. शेजारी बसून किंवा चालत बोलताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून या वयाची पोरं तेव्हा जास्त बोलतात. एकाच वेळी दोन मुलांना घेऊ नका. दुसरं समोर असलं की पहिलं गप्प.

शेवंती
इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं काय? 'नीतिमत्त्व', 'सार्वकालिक', 'प्रायश्चित्त' अक्षरं लावून वाचतात, डोक्यात काही शिरत नाही.

जुनाकरार
दोन प्रती ठेवा. बापाने मराठी वाचावं, मुलाने तोच भाग इंग्रजीत, मग फरक कुठे वाटला ते विचारावं. वेळ चार मिनिटांनी वाढतो, तेव्हा वचनं १२ऐवजी आठ करा. अवघड शब्दांची वही घाला, आठवड्याला तीन शब्द पुरेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर (१९२४ साली छापून पूर्ण) साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच केलेलं होतं, तेही जोडीला ठेवता येईल. गीतांत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं घ्या. चाल लागली की शब्द आपोआप बसतात.

मराठी येत नाही म्हणून मराठी उपासनेला मुलं कंटाळतात हे खरं, पण त्यावर 'इंग्रजी चर्चला पाठवा' हा उपाय घाईत करू नये. आजी एका चर्चला आणि नातू दुसऱ्या असं झालं की घरातली प्रार्थनाही हळूहळू सुटते.

दर्याकिनारी
कॅथलिक बाजू मांडतो. आपल्याकडे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) बहुधा हायस्कूलच्या वयात होतं. बापासाठी त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे प्रायोजक, म्हणजे विधीत मुलामागे उभा राहणारा मोठा माणूस. चर्चच्या कायद्यानुसार (कलम ८७४ व ८९३) तो किमान १६ वर्षांचा, स्वतः दृढीकरण झालेला हवा आणि मुलाचा बाप किंवा आई नसावा. बाप्तिस्म्याच्या वेळचेच धर्मपिता-धर्ममाता असतील तर उत्तम. लोक इथे नातेसंबंध सांभाळतात आणि दुबईच्या मामाला उभं करतात. तसं करू नका. महिन्यातून एकदा तरी मुलाला प्रत्यक्ष भेटू शकेल असा माणूस निवडा. मूल बापाला सांगणार नाही ते सांगायला चर्चनेच एक जागा करून दिलीय, ती वाया घालवू नये.

उपासाबद्दल घरात उगाच वाद होतात. मांसवर्ज्य १४ पूर्ण झाल्यावर लागू, उपवास १८ पूर्ण झाल्यावर (कलम १२५२). पंधरा वर्षांच्या, फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला राखेच्या बुधवारी (उपासकाळाचा पहिला दिवस) उपाशी ठेवायची सक्ती चर्च करत नाही, तुम्हीही करू नका. मुलगी वजनाच्या धास्तीने आधीच जेवण टाळत असेल तर 'उपवास करते' याचं कौतुक तर मुळीच नको. तिच्यासाठी तप म्हणजे सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवणं.

पापनिवेदनाला न्या, बाहेर थांबा, 'काय सांगितलंस?' विचारू नका. फादरना गुपित फोडता येत नाही आणि बापाने ते उकरू नये. परत येताना वडापाव खाऊन या.

रोझरीची (जपमाळेची) रोज पाच दशकं झालीच पाहिजेत असा हट्ट असेल तर आधी एका दशकावर या, दहा 'नमो मरिया' नीट म्हणून. पाच दशकं पेंगत म्हणणारं पोर काय शिकतं? लवकर उरकायला.

खारवट
सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, त्यामुळे आपल्याकडे प्रश्न उलटा येतो: 'दृढीकरणाला सगळ्या बॅचबरोबर मी पण उभा राहू का?' बिशपसाहेब येणार, नवे कपडे शिवलेले, नातेवाईक बोलावलेले, आणि पोर म्हणतं मला नाही करायचं. अशा वेळी पुढच्या वर्षावर टाका. तारीख चुकली तर मंडपाचे पैसे जातात. दबावाखाली दिलेलं वचन त्याला आयुष्यभर खोटं वाटत राहतं.

तुतारी
सगळे मवाळ झालेत. नीतिसूत्रे १३:२४ स्पष्ट आहे. छडी आवरणारा मुलाचा वैरी.

जुनाकरार
@तुतारी, त्या वचनातला 'छडी'साठीचा हिब्रू शब्द 'शेबेट'. स्तोत्र २३:४ मध्ये धीर देणारी मेंढपाळाची काठी आहे, तिथेही तोच शब्द. त्या काठीचं काम वळवायचं आणि लांडगा हाकलायचं. नीतिसूत्रांत ती शिक्षेचीही आहे, नाकारत नाही. पण १४ वर्षांच्या मुलाला मारलं की काय होतं ते बघा: तो चूक थांबवत नाही, लपवायला शिकतो. आणि एक दिवस तो हात धरतो. त्या दिवसानंतर बापाकडे काही उरत नाही.

शिक्षा चुकीला जोडलेली, लहान आणि शेवट ठरलेली हवी. रात्री ११ला आला तर पुढचे दोन शुक्रवार ८ला घरी. फोनवर खोटं बोलला तर फोन सात दिवस कपाटात, आठव्या दिवशी न मागता परत. 'आता बघतोच तुला' ही शिक्षा नाही. उपासनेला, तरुण संघाला किंवा गायनवृंदाला जाणं बंद करणं ही शिक्षा कधीच नको, आणि 'शिक्षा म्हणून दहा स्तोत्रं लिही' हीसुद्धा नको.

तुतारी
हात धरण्याचा मुद्दा मान्य. बाकीवर विचार करतो.

चौथा_बाक
उपासनेला नको म्हणणाऱ्यांबद्दल. आधी 'नको' नेमकं कशाला आहे ते शोधा. देवाला, उपदेशाला, सकाळच्या वेळेला की तिथल्या एखाद्या माणसाला? बरेचदा वेळ किंवा माणूस निघतो. माणूस निघाला तर हसण्यावारी नेऊ नका, नीट विचारा.

दुसरं, हाताला काम द्या. गीतांचे शब्द पडद्यावर चालवणं, साउंड मिक्सर, गिटार, शास्त्रवाचन, बालवर्गाला मदत. शास्त्रवाचन असेल तर भाग शनिवारी हातात द्या आणि घरी दोनदा मोठ्याने वाचून घ्या. 'नबुखद्नेस्सर'वर अडखळून सगळं चर्च हसलं तर ते पोर वर्षभर पुढे येत नाही.

बाप चर्चचा पंच किंवा कमिटीत असेल तर निवडणुकीची भांडणं जेवणाच्या टेबलावर आणू नका. मुलं देवावरून नाही, पंचांवरून चर्च सोडतात. आणि घरातली गोष्ट 'प्रार्थनेचा विषय' म्हणून महिला मंडळात आणि तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, तो मार्ग बंद करा. मुलाला विचारल्याशिवाय त्याचं नाव प्रार्थनेच्या यादीत नको.

अंजिराचं_झाड
फोनवर कुणीतरी लिहा. सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच आहेत.

केबलवाला
लिहितो. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३. दहाव्या वर्षी खोटी जन्मतारीख टाकून बापानेच खातं काढून दिलं असेल तर 'खोटं बोलू नको' म्हणायचा हक्क तिथेच अर्धा गेला.

रात्री १०ला सगळ्या घराचे फोन दिवाणखान्यातल्या एका एक्स्टेंशन बोर्डवर. सगळ्या घराचे म्हणजे बापाचाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, नियमामागचं खरं कारण तेच सांगा, उगाच सैतानाला मध्ये आणू नका. गजर फोनवर लागतो ही सबब, दीडदोनशेचं घड्याळ आणा. उपासनेत 'बायबल ॲप' उघडतो ही दुसरी सबब, छापील प्रत द्या.

पासवर्ड: १४ पर्यंत बापाला माहीत असावा आणि मुलालाही ते माहीत असावं. पुढे दरवर्षी सूट वाढवत न्या. चोरून मेसेज वाचू नका. सापडलात की मूल दुसरं खातं काढतं, आणि ते तुम्हाला दिसत नाही.

अश्लील व्हिडिओ सापडले तर त्याच रात्री दरबार भरवू नका. दुसऱ्या दिवशी बापाने एकट्याने, दार लावून, दहा मिनिटांत बोलावं. मला दिसलं. या वयात उत्सुकता असते, तुझं शरीर घाण नाही. पण तिथे दाखवतात ती माणसं कचकड्यासारखी वापरलेली असतात, आणि आपण माणसाला देवाचं प्रतिरूप मानतो. मग एकच प्रश्न: 'कुणी तुझ्याकडे फोटो मागितले किंवा तुला पाठवले का?' उत्तर हो असेल तर विषय शिस्तीचा राहत नाही, सुरक्षेचा होतो. अल्पवयीनांचे असे फोटो पुढे पाठवणं किंवा साठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७बी कलमाखाली गुन्हा आहे, म्हणून 'पुरावा' म्हणूनही नातेवाइकांना धाडू नका. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते.

शेवंती
मुलींच्या बापांना कुणी काहीच सांगितलं नाही. याईराची मरणाला टेकलेली मुलगी बारा वर्षांची होती (लूक ८:४२). सभास्थानाचा अधिकारी असून तो गर्दीत येशूच्या पाया पडला. मुलीसाठी लोकांसमोर वाकायची लाज त्याला वाटली नाही. आपल्याकडे पॅडचं पाकीट काळ्या पिशवीत गुंडाळून आणतात.

पाळी आईनेच समजवावी असं काही नाही. किराण्याच्या यादीत पॅड लिहिलेलं असावं आणि बापाने ते आणावं, एवढ्याने निम्मं काम होतं. चर्चला निघताना दारात कपड्यांवरून शेरा नको. कपड्यांचा नियम खरेदीच्या वेळी ठरवा. वजन, रंग, पिंपल्स यांवर बापाने कधीच बोलू नये, गमतीतही नाही.

शिबिरं. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत तरुणांची शिबिरं असतात. फॉर्मवर सही करण्याआधी विचारा: मुली आणि मुलं वेगळ्या इमारतीत की एकाच मजल्यावर? रात्री मुलींकडे बाई कोण? कुणी मोठा माणूस एकट्या मुलाला किंवा मुलीला खोलीत 'समुपदेशना'ला बोलावणार का? (उत्तर 'नाही' हवं. बोलायचं तर सगळ्यांना दिसेल अशा जागी.) फोन जमा करणार असतील तर घरी बोलायची वेळ कोणती? संयोजकांना हे प्रश्न आवडले नाहीत तर मुलाला पाठवू नका.

काही घडलं तर 'मंडळीचं नाव जाईल' हे वाक्य घरात उच्चारू नका. २०१२च्या पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्याच्या १९व्या कलमाने गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पाळक असो की पंच. मुलांसाठीची मदतवाहिनी चाइल्डलाइन १०९८.

दर्याकिनारी
@शेवंती, याईरावरून आठवलं. मेलेली मुलगी येशूच्या हाकेने उठल्यावर त्याने सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या. तिथे प्रवचन नाही.

चौथा_बाक
गणपतीचा प्रसाद. दर भाद्रपदात आपल्या मुलांना हा पेपर असतो. १ करिंथ ८ आणि १०:२५-२९ दोन्ही वाचा, एकच वाचलं तर एकांगी होतं. पौल म्हणतो मूर्ती काहीच नाही, पण कुणाच्या विवेकाला ठेच लागत असेल तर खाऊ नये. घराघरांत यावर वेगळी मतं आहेत, राहू देत. पण मत सणाच्या आधी ठरवा आणि पोराला तोंडात बसेल असं एक वाक्य द्या: 'आमच्यात नैवेद्य घेत नाहीत, पण तुझ्या डब्यातला मोदक दे.' मित्राच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, आणि घेऊन गुपचूप फेकायचंही नाही. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं त्याच मित्रांकडे पोराच्या हातानेच जाऊ द्या.

खारवट
पैसे आणि गाडी थोडक्यात. महिना ५०० पॉकेटमनी असेल तर ५० दशमांश पोराने स्वतः पाकिटात घालावे, बापाने वेगळे देऊ नयेत. बाकीचा हिशेब मागू नका. बुलेटची किल्ली मात्र नको. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत परवाना नाही. लग्नात 'एक घोट घे' म्हणणाऱ्या काकांसाठी: महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं.

मिरजवाला
एक राहिलं. पोर महिनाभर गप्प आहे, झोप उडालीय, जेवण तुटलंय, मित्र सुटलेत, तर त्याला 'विश्वास कमी पडला' म्हणू नका. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, दोनदा (१ राजे १९). उपदेश नंतर. 'जीव द्यावासा वाटतो का?' हे सरळ विचारा, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असतं आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थनाही करा, पण गोळ्या बंद करून नव्हे. वाचायला स्तोत्र ८८ द्या. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

तुतारी
विचार करून आलो. बापाचं चुकलं असेल तर मुलाची माफी मागावी का? अधिकार जात नाही का?

जुनाकरार
मागावी, आणि थोडक्यात. काय केलं ते नाव घेऊन: 'काल मित्रांसमोर तुला मूर्ख म्हणालो.' मग 'चुकलं माझं.' मग पुढे काय बदलणार: 'रागावायचं असेल तर घरी आल्यावर बोलेन.' मध्ये 'पण तूसुद्धा' आलं की सगळं वाया. 'मला क्षमा कर, वचनात तसं सांगितलंय' असंही म्हणू नका, ती वसुली होते. ज्यांच्यासमोर अपमान केला त्यांच्यासमोरच मागता आली तर मागा. अधिकार जाईल ही भीती तुम्ही वर लिहिलेल्या छडीतूनच आलीय, असं माझं मत.

आणि लगेच 'चला, आता प्रार्थना करू' नको. पोराला उत्तर द्यायला दोन दिवस लागतात. तोवर जेवायला हाक मारत राहा.